डिस्क मेली नव्हती

विजया गेल्याचं तिच्या भाच्यानं, श्रीनिवासनं, मला फोनवर सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, "शोकसभेत तुमी बोलणार की मॅडम?" मी नाही म्हटलं. तिथं जे बोलले त्यांनी तिला मायाळू केलं, सोशिक केलं. श्रीनिवासनं तर सांगितलं, की अत्ताला, म्हणजे आत्याला, या वयात कॉम्प्युटर आम्ही शिकवला... मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. आम्ही दोघींनी एकाच शाळेत नोकरी काढली, तिनं विज्ञान शिकवलं, मी मराठी. सोशिक म्हणणाऱ्याला तिनं वर्गाबाहेर उभं केलं असतं.

निवृत्तीनंतर तिचे डोळे बिघडले. नजरेच्या मधोमध डाग, कडेचं तेवढं दिसायचं. घरच्यांनी तिचं वाचन संपलं असं परस्पर ठरवून पेपर बंद केला. भावजय दुपारी येऊन मनाला येतील त्या बातम्या तोंडी सांगायची आणि टीव्ही लावून द्यायची. हा उपकार विजयाला सहन होईना. लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या प्रणालीत, स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवण्याची सोय असते आणि ती जुन्या लॅपटॉपवरही चालते, हे तिनं कुठूनसं ऐकलं होतं. तिच्या लॅपटॉपवर विंडोज उघडेपर्यंत चहा गार व्हायचा. म्हणून एका सकाळी शुक्रवार पेठेतल्या तिच्या घरी आम्ही लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून बसलो, तर ते बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, इन्स्टॉलरला, लॅपटॉपची हार्ड डिस्कच दिसेना.

श्रीनिवासचं कॉम्प्युटरचं दुकान. लॅपटॉप घेऊन आम्ही तिथं गेलो. लॅपटॉप उघडूनही न बघता त्यानं निकाल दिला, "डिस्क गेली अत्ता. मी तर आधीच सांगितलो की, ह्या वयात कशाला हे? मोबाईल हाय की तुला."

"डिस्क गेली, तर मग विंडोज कशावर चालतंय? हवेवर?" विजयानं विचारलं.

"चालतंय तोवर चालतंय," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. दुकानाबाहेर येताच ती मला म्हणाली, "याला सातवीत मीच पास केलं. चुकलंच."

घरी येऊन तिनं मला लॅपटॉपसमोर बसवलं. चालू होतानाच कळ दाबून आत सेटिंगमध्ये शिरायला लावलं आणि प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायला सांगितली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती डोळे मिटून ऐकत होती. डिस्कच्या जोडणीची ओळ आली तशी तिनं मला थांबवलं. तिथं 'रेड' निवडलेलं होतं, अनेक डिस्क एकत्र चालवण्याची पद्धत. "इथं डिस्क एकच. मग हे सोंग कशाला? विंडोजला या पडद्यामागचं दिसतंय, लिनक्सला दिसत नाही, एवढंच असेल. दुसरा पर्याय काय आहे?"

"एएचसीआय."

"म्हणजे साधी, थेट जोडणी. ते कर."

बदललं तर विंडोज उघडणार नाही, असा इशारा आला. माझा हात थांबला. तिचे फोटो, टिपणं आम्ही आधीच दुसरीकडे उतरवून ठेवली होती, पण लॅपटॉपच बंद पडला तर घरचे दुसरा घेऊ देणार नव्हते, हे दोघींनाही माहीत होतं. "दाब गं," ती म्हणाली, "नाहीतरी ते मला टीव्हीसमोरच बसवणार आहेत."

दाबलं. पुन्हा पेन ड्राइव्हवरून सुरू केलं, आणि या वेळी डिस्क यादीत आली. मी वाचून दाखवलं. ती हसली नाही, काही नाही... म्हणाली, "श्रीनिवासला फोन लाव." त्यानं उचलला तेव्हा एवढंच बोलली, "तू मेली म्हणालास ती डिस्क जिवंत आहे. दुसऱ्यांना असले निकाल देत जाऊ नकोस."

त्याच दिवशी लिनक्स बसलं, लॅपटॉप मोठ्यानं वाचून दाखवू लागला, आणि ती शेवटपर्यंत स्वतःचं स्वतः वाचत राहिली. भावजयीला दुपारी यायची गरज उरली नाही, म्हणून घरात रुसवेही झाले.

परवा श्रीनिवास तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. "कुठलंबी बटण दाबलं की बोलतंय हे, मॅडम. लई ताप झालाय. बंद कसं करायचं?"

मला ठाऊक होतं. "नाही बाबा माहीत," मी म्हटलं, "ठेवून जा." तो सुटल्यासारखा जिना उतरला.

आता सकाळी, माझे डोळे शाबूत असूनही, अग्रलेख मी त्या यंत्राकडून ऐकते. वाचण्याचा वेग विजयानं लावलेलाच आहे, भलताच भरभर. निम्मं डोक्यावरून जातं... तो कमी केलेला नाही.