ऑरिनने लावलेलं माप

"टेबलावर एका वेळी एकच डबा." ऑरिन व्हेसेली काडतुसं भरायला बसला की हे वाक्य मोठ्याने म्हणायचा, ऐकायला कुणी असो वा नसो.

आमच्या नेब्रास्कातल्या गावात तो एकतीस वर्षं धान्याच्या कोठारावर होता. गव्हाचा, मक्याचा प्रत्येक ट्रक त्याच्या काट्यावरून जायचा. पण त्याचा जीव होता तळघरातल्या टेबलात. तिथे झाडून रिकाम्या झालेल्या पितळी पुंगळ्या असत, शिशाच्या गोळ्या असत, आणि कडेला आवळून बसवलेलं बंदुकीच्या दारूचं माप. वरच्या नळीत दारू ओतायची, दांडी खाली-वर करायची, की ठरलेली चिमूट पुंगळीत पडते. चिमूट केवढी, ते बाजूचा स्क्रू ठरवतो. इतर लोक स्क्रू फिरवतात, एकदा तोलतात आणि कामाला लागतात. ऑरिन आधी दहा मापं काढून परत नळीत ओतायचा, दारू नीट बसू द्यायचा. अकरावं माप तोलायचा. काटा थांबेपर्यंत श्वास रोखून धरायचा.

"चर्चमध्ये तरी इतका गप्प बसत जा," त्याची बायको इर्मा जिन्यातून ओरडायची.

आमच्याकडे दुसऱ्याने भरलेलं काडतूस कुणी झाडत नाही. सख्ख्या भावाचंही नाही. अख्ख्या गावात याला अपवाद एकच. शाळेची बस चालवणारी थेल्मा रौश, आमच्यातली सगळ्यात चांगली नेमबाज, फक्त ऑरिनची काडतुसं झाडायची. याचा त्याला केवढा अभिमान होता, ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही. पण शनिवारी ती नेम धरायची तेव्हा हा मागे उभा राहून ओठ हलवत तिच्या गोळ्या मोजायचा.

त्या ऑक्टोबरात तो एक नवी दारू आजमावून बघत होता, भुसभुशीत आणि हलकी, पण इतकी जहाल की नेहमीच्या निम्म्या वजनातच भागायचं. नळी अर्धी भरलेली, डबा शेजारी. नळीत कुठली दारू आहे ते शेजारच्या डब्यावरूनच कळतं. राखी भुकट्या सगळ्या सारख्याच दिसतात. तेवढ्यात वर काहीतरी धपकन पडलं. इर्मा स्वयंपाकघरात कोसळली होती. इस्पितळात तिसऱ्या दिवशी तिने प्राण सोडला.

अंत्यविधीला माणसं येणार म्हणून मी, त्याचा शेजारी, तळघर आवरलं. तो डबा उचलून फळीवर ठेवला. मला वाटलं, मदत करतोय.

महिन्याने ऑरिन पुन्हा खाली उतरला. थेल्माची मोठी स्पर्धा तोंडावर आली होती. नळी अर्धी भरलेली होती. नवी दारू त्याला आठवलीच नाही. त्या दिवशीचा तो धपकन झालेला आवाज तेवढा आठवत होता. त्याने नेहमीचा डबा काढून शेजारी ठेवला आणि नेहमीच्या वजनावर माप लावायला घेतलं. स्क्रू दोन फेरे जास्त मागत होता. त्याला वाटलं, थंडीने धरलाय.

थेल्माच्या हातात पिस्तूल फुटलं. चष्म्यामुळे डोळे वाचले. उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत.

मी त्याला डब्याचं सांगितलं. 

"डबा तू हलवलास," तो म्हणाला. "पण नळी रिकामी न करता बसलो मी. आणि स्क्रूने सांगितलं, ते ऐकलं नाही मी."

एप्रिलमध्ये थेल्मा खडीच्या खाणीतल्या आमच्या नेमबाजीच्या मैदानावर आली. हिवाळाभर ती डाव्या हाताने नेम धरायला शिकली होती. ऑरिन माझ्या गाडीतून आला होता, नुसता बघायला. तिने पिशवीतून त्याने इर्मा असताना भरलेल्या काडतुसांची पेटी काढली.

"ती नको," ऑरिन म्हणाला.

"का? अंडी आहेत का नासायला?"

"थेल्मा, ठेव ती."

"डाव्या हाताला तुझीच सवय लावायचीय मला. आता भाव खाऊ नकोस. पुढच्या शनिवारी पन्नास भरून आण."

"मी आता कुणासाठी भरत नाही."

"कुणासाठी नकोच. माझ्यासाठी भर."

ऑरिनने टोपी काढली, पुन्हा घातली. "रोज सकाळी बसतो मी तिथे," तो म्हणाला. "माप लावतो, तोलतो, परत डब्यात ओततो. वजन बरोबर येतं. रोज बरोबर येतं. त्या दिवशीही बरोबरच आलं होतं."

 थेल्माने पेटी उघडली, पण न वळणारी ती दोन बोटं अडली आणि एक काडतूस खडीत पडलं. ऑरिन वाकला, ते उचललं, शर्टाला पुसलं. तिने हात पुढे केला. त्याने ते तिच्या हातावर ठेवलं नाही. पेटीत ठेवलं, झाकण लावलं, पेटी काखेत घेतली आणि रस्त्याला लागला. त्याचं घर तिथून तीन मैलांवर.

"त्याला हाक मार," थेल्मा म्हणाली.

"तू मार."

दोघांपैकी कुणीच मारली नाही. पांढऱ्या धुळीच्या रस्त्यावरून तो सावकाश, पेटी मुळीच हलू न देता चालत राहिला, आणि कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीमागे दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.