बारदानावरची उसळी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी समुद्रपूरच्या तुकारामजी शिंप्यांचे नाव सांगतो. आम्ही पोरे त्यांना काकाजी म्हणत असू. ते माझे शिक्षक नव्हते, नात्यातलेही नव्हते. मोटार स्टँडजवळ त्यांचे दुकान होते. सदऱ्याचे माप घेताना एखाद्याची बाही लांब भरली की टेप तिथेच थांबे. "हात लंबा आहे रे तुहा. बॉल टाकतं काय?"

नवे गोलंदाज शोधणे हा त्यांचा छंद. आंजीला किंवा वडनेरला सामना असला की दुकानाला कुलूप. काकू म्हणत, "लोकाइचे पायजमे राह्यले, अन् हे चालले पोट्टे पाह्याले."

"पायजमा उद्या बी शिवता येते. पोट्ट्याचा हात उद्या असाच राहीन काय?"

तालुक्यातला एक तरी गोलंदाज नागपूरच्या मोठ्या संघात खेळलेला त्यांना पाहायचा होता. तो मीच, असे त्यांना वाटे. आमच्या मैदानावर चेंडू उसळत नसे, म्हणून त्यांनी कापसाच्या जिनातली जुनी बारदाने जोडून खेळपट्टीवर अंथरायला लांब पट्टी शिवली होती. तिच्यावर माझा चेंडू फलंदाजाच्या छातीपर्यंत येई. मी मॅट्रिक झालो त्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका गिरणीच्या संघाने मला बोलावले. खेळायचे आणि गिरणीतच नोकरी करायची. आमच्या घरात महिन्याचा पगार कोणी पाहिला नव्हता. मी कॉलेजचा विचार सोडून दिला.

निघण्याच्या आदल्या दिवशी काकाजींनी मला मैदानावर नेले. पट्टी गुंडाळलेलीच ठेवली.

"टाक."

उघड्या जमिनीवर माझा चेंडू घोट्याच्या वर येईना. मग त्यांनी पट्टी उलगडली आणि मधल्या जाड शिवणीवर बोट ठेवले. तिथली सुतळी पार झिजली होती. बाकी पट्टी धड होती.

"काल दुरुस्तीले घेतली तवा दिसलं. तू बराबर इथंच टाकतं. बॉल हे शिवण उसळवते पोरा, तू नाई. अन् शिवण माह्याच हातची."

मला रडू येत होते. "मंग आता?"

"गिरणीच्या मैदानावर बारदान नाई. चार सामन्यांत तुले घरी धाडतीन. मार्क चांगले आहेत तुहे. कॉलेजात जाजो."

परतताना मी गुंडाळी उचलायला गेलो, तर त्यांनी उचलू दिली नाही. स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि घरापर्यंत नेली.

बी.ए.चा निकाल लागला, त्या दिवशी मी नागपूरहून त्यांना लिहिले:

"तीर्थस्वरूप काकाजींस साष्टांग नमस्कार. मी पास झालो. बाबांना वाचता येत नाही, म्हणून घरी तुम्हीच जाऊन सांगावे. दुसरे असे की, काल इथे वडनेरचा एक मुलगा पाहिला. हात लांब आहे. जमीन उघडी होती, बारदान नव्हते; मी जवळ जाऊन पाहून आलो. चेंडू छातीपर्यंत येत होता. रविवारी तो पुन्हा खेळणार आहे. पहिल्या मोटारीने या. मी स्टँडवर उभा राहतो."