चांगुणामावशींचा बांध

चांगुणामावशी आमच्या गोदामात कधी सरळ चालल्या नाहीत. पूर्णा गावातल्या त्या गोदामात माल उतरवायला मधली मोठी, गुळगुळीत फरशी मोकळी ठेवलेली होती. जेवायच्या सुट्टीत फाटकावरून पाण्याच्या टाकीकडे जाताना मावशी भिंतीच्या कडेने तिसऱ्या खांबापर्यंत यायच्या, तिथे वळायच्या, सातव्या खांबापाशी पुन्हा वळायच्या. मी तिथल्या ऑफिसात टायपिंगच्या कामाला लागले त्या आठवड्यात हसून विचारलं, "मावशी, कुठे फिरताय? सरळ या ना." त्या जागच्या जागी थांबल्या. "बांध हाय गो हितं. भातात पाय कसा घालू?"

गोदाम त्यांच्याच शेतावर उभं होतं. जमीन विकताना घरातल्या एकाला नोकरी असं ठरलं होतं, आणि दोन धडधाकट मुलगे असताना ती मावशींनी मागून घेतली. "पोरं बंगला बांधू देत. मना रोज शेतान जाऊ दे." दुपारी पत्र्यातल्या पारदर्शक तुकड्यांतून ऊन फरशीवर उतरायचं, खाडीकडून वारा यायचा, आणि लुगडं खोचून ही बाई रिकाम्या फरशीवर इतकी जपून चालायची की मलाही क्षणभर दोन्ही बाजूंना हिरवं दिसायचं. मी निजामपुऱ्यातली, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली. भात मी ताटातच पाहिलेला.

त्यांचं काम फाटकावर सगळ्यांचे मोबाईल जमा करून घ्यायचं. गोदामात नवे हँडसेट यायचे, त्यातले दोन-चार गेले होते, म्हणून आत कुणाचाच फोन नको असा मॅनेजरसाहेबांचा नियम होता. हमालांची त्यावर रोज कुरबुर. "दिवसभर फोनचीच खोकी उचलतो, आणि आमचा फोन तेवढा चोर?" मावशी दोन्हीकडचं ऐकायच्या. कुणाचा फोन कुठला हे कळावं म्हणून दिलेली नंबरांची टोकनं त्यांनी परत केली, कारण वाचता येत नव्हतं. घरून आणलेल्या सुपात त्या फोन मांडायच्या, मानकोलीवाले एका कडेला, निजामपुऱ्याचे दुसऱ्या. कुठली धून कुणाची, सगळं तोंडपाठ. एखादा फोन थरथरत सुपात सरकू लागला की बोटाने मागे सारायच्या, आणि तीनदा वाजला की उठून बांधाबांधाने आत जाऊन त्या माणसाला सांगून यायच्या. साहेब म्हणायचे, फोन बंद करूनच ठेवा. मावशींना ते कधी पटलं नाही. "आत नको ते बराबर. पन बंद कशाला? पल्याडचा मानूस हाक मारतंय. दार लावलंस तरी कान तं उघडा ठेव."

एकदा त्या अशाच आत गेल्या असताना फाटकावर कुणी नाही बघून एक टेम्पो न विचारता शिरला आणि साहेब भडकले. नोटीस टाईप केली मी. फोन बंद करूनच जमा करावेत, फाटकावरील कर्मचाऱ्याने निरोपासाठी जागा सोडू नये, सोडल्यास कामावरून कमी करण्यात येईल. खरं सांगते, मला ते पटलंही होतं. नियम म्हणजे नियम, अशी मी तेव्हा होते. मावशींना मीच ती वाचून दाखवली आणि घाईघाईत माझा फोन त्यांच्या हातात दिला. "माझ्यापासून सुरुवात करा. बंद करून टाका."

"जल्ला तो कागद," त्या म्हणाल्या. "पन बेस लिवलंस."

चौथ्या दिवशी दुपारी मी केबिनच्या काचेतून मान वर केली, तर मावशी येत होत्या. पदर सुटलेला, माझा फोन मुठीत. आणि त्या सरळ येत होत्या. तिसरा खांब सोडला, सातवा सोडला, मोकळ्या फरशीच्या मधोमध, तिरक्या, झपाझप. त्या वाटेवरूनच मला कळलं की काहीतरी घडलंय. मी उठून उभी राहिले.

"तुजे आयशीचा फोन हाय. बापूस पडलाय तुजा. चल, रिक्षा थांबवलीय."

बाबा दवाखान्यात शुद्धीवर होते. तासभर माझा हात धरून बोलले, चष्मा कुठे ठेवलाय तेही सांगितलं. संध्याकाळी गेले. मी सांगितलं तसा फोन बंद असता, तर तो तास मला मिळाला नसता.

तेराव्यानंतर कामावर आले तर फाटकावर दुसरीच बाई, आणि सुपाच्या जागी कुलपाचं लोखंडी कपाट. मावशींना माझ्याच नोटिशीने काढलं होतं. मी साहेबांशी भांडले, आयुष्यात पहिल्यांदा. माणूस वाईट नव्हता. "एकीला सूट दिली तर उद्या बाकीच्यांना काय सांगू?" एवढंच म्हणाले. महिन्यापूर्वी मीही हेच म्हणाले असते.

संध्याकाळी मावशींच्या घरी गेले. ओटीवर बसून त्या त्याच सुपात तांदूळ निवडत होत्या. मला रडू आवरेना. "मावशी, माझ्यापायी तुमचं शेत सुटलं. आणि त्या दिवशी तुम्ही भातातून आलात."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "भात तुडवला तं दोन दिसांनी परत उभा रातो गो. मानूस रातो काय? बस, चा पी."

पुढे तीन वर्षं मी त्या गोदामात होते. जेवायच्या सुट्टीत टाकीकडे जाताना तिसऱ्या खांबापाशी वळायचे, सातव्यापाशी पुन्हा वळायचे. फोर्कलिफ्टवाला ओरडायचा, "मॅडम, सीधा आओ ना."

मी सांगायचे, इथे बांध आहे.