कादंबरी कुणी निवडली?

गेल्या महिन्यात उत्तमच्या लेकीचा फोन आला. "काका, बाबा गेले..." सोनपेठ तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही दोघं शिक्षक होतो. शोकसभेत त्याचा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सरांनी तेवढी एक कादंबरी निवडली नसती, तर त्यांची बदली झाली नसती." मी पहिल्याच रांगेत होतो. मान खाली घालून ऐकलं.

ती कादंबरी मी निवडली होती. 'तटावरचे दिवे'. वेढा पडलेल्या किल्ल्यावर पखालीनं पाणी वाहणाऱ्या पोरीची गोष्ट. किल्लेदार चोरवाटेनं निघून जातो आणि आत फौज आहे असं शत्रूला वाटावं म्हणून ही पोर रात्रभर तटावर दिवे लावत फिरते. परभणीहून आणलेलं ते पुस्तक मी उत्तमच्या हातात ठेवलं आणि म्हणालो, "पोरांना हेच वाचून दाखव." वाचावं तर त्यानंच. शनिवारी शाळा सुटायच्या आधी तो वाचायचा आणि ऐन रंगात पुस्तक मिटायचा. पोरं ओरडायची, "सर, पुढं?" "पुढचं पुस्तकात हाय. कपाटाला कुलूप न्हाई." मग सोमवारी ते कुणाच्या घरी सापडेल, सांगता यायचं नाही.

नामांतराचे दिवस होते. उत्तम बौद्ध, मी पाटलाच्या भावकीतला. एक दिवस काही पालक शाळेत आले, त्यांत माझे चुलतेही होते. "किल्लेदार पळतो अन् पाणी वाहणारी पोर किल्ला राखती? आमच्या लेकरायला हे शिकवायलात का, मास्तर?" मुख्याध्यापकांनी विचारलं, "ही कादंबरी निवडली कुणी?" उत्तमनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी बोलेना, तेव्हा म्हणाला, "वाचतो मी, म्हणजे माझीच."

शाळेचं वर्ष संपायच्या आतच त्याला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. शनिवारचं वाचन बंद पडलं. माझ्या डब्यातली जवसाची चटणी हक्कानं उचलणारं कुणी उरलं नाही.

पुढं एकदा पिंगळीच्या स्टेशनावर भेटला. "काय सर, नवी कादंबरी आणली का? नका आणू बाबा, बदलीला आता जिल्ह्यात गाव उरलं न्हाई!" तो हसला, मीही हसलो. तेव्हा तरी बोलायचं होतं... गाडी आली, तो चढला.

शाळकरी मुलांना एखादी ऐतिहासिक कादंबरी सुचवा म्हटलं, तर आजही मी हीच सुचवीन. दिव्यांचं प्रकरण मोठ्यानं वाचा. तिथं उत्तम आवाज इतका खाली आणायचा, की मागच्या बाकावरची पोरं उठून पुढं यायची. आणि घरात कुणी रागावून विचारलं, हे पुस्तक वाचायला कुणी सांगितलं, तर उत्तम सरांचं नाव घेऊ नका. माझं सांगा.