मीठ बघा हो

गल्लीत सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे. शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच संपला होता. पण नवरा शिंपी, आणि शिंप्याला लोक मास्तर म्हणतात, म्हणून त्या मास्तरीणबाई. मास्तरांनी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नाही. मापं मात्र चोख घेतली. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कोणाला वाटायचं की माणूसच मुळात ढिसाळ होता.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीला टांगलेले बाह्या नसलेले कोट. मागे स्वयंपाकघर. मधे दाराऐवजी पडदा, तोही कुठल्याशा गिऱ्हाइकानं न नेलेल्या कापडाचा.

रोज संध्याकाळी बटाट्याचा रस्सा उकळला की पडद्यामागून हाक यायची, "मीठ बघा हो!" मशीन थांबायचं. मास्तर चष्मा कपाळावर सरकवून पडद्यापाशी यायचे आणि तळहात पुढे करायचे. बाई पळीच्या टोकानं चमचाभर रस्सा त्या तळहातावर सोडायच्या. मास्तर डोळे मिटून तो चाटायचे, जिभेनं 'टक्' असा आवाज काढायचे आणि मग निकाल. "अजून चिमूटभर." नाहीतर, "अगं, बरणीच उपडी केलीस की काय? पाणी घाल." आणि सगळं जमून आलं असेल तर नुसतंच, "बरोबर."

याची सुरुवात लग्नानंतर आठ-पंधरा दिवसांतच झाली होती. नव्या नवरीनं घाबरून भाजीत दोनदा मीठ घातलं आणि सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या. बाई मोरीपाशी बसून रडल्या. दुसऱ्या दिवशी मास्तर पडद्याशी आले आणि आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "मीठ मी बघत जाईन. म्हणजे चुकलं तर माझं चुकलं." बाईंना नवऱ्यानं पुढे साड्या आणल्या, एकदा कानातलंही आणलं, पण त्या वाक्याची सर कशाला आली नाही. दिवसभर कातरी, मशीन आणि गिऱ्हाइकांची कटकट. त्यात तेवढा एक तळहात त्यांच्या हक्काचा होता.

मग उतारवयात डॉक्टरांनी बाईंचं मीठ तोडलं. रक्तदाब. तेव्हापासून त्या मीठ घालण्याआधीच आपली वाटी बाजूला काढू लागल्या आणि बेचव बटाटे मुकाट गिळू लागल्या. जिभेवर मीठ नाही म्हटल्यावर हाताचा अंदाज सुटणारच. शिवाय आपल्याला मिळत नाही ते निदान या लोकांना तरी मिळो, असंही त्या हाताला वाटत असावं. पण काळजी कसली? मास्तर होते ना. रोज "पाणी घाल" म्हणायचे, त्या पाणी घालायच्या.

त्यानंतरच्या थंडीत मास्तरांना ताप आला. चांगलाच अंथरुणाला खिळवून गेला. उठून पुन्हा मशीनवर बसले, आणि पहिल्याच संध्याकाळी निकाल आला, "बरोबर." दुसऱ्या दिवशी, "बरोबर." महिना गेला, दोन गेले, ना चिमूटभर ना पाणी. बाईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. वाणीणबाईंना दुकानात जाऊन त्यांनी ऐकवलं, "एवढी वर्षं लागली, पण आता हात बसला माझा. यांना नाव ठेवायला जागा नाही."

घरात तेव्हा मुलगा आणि सूनही होती. सून दवाखान्यात नर्स, तोंडानं सरळ. चार-सहा महिने तिनं काही न बोलता काढले, पाण्याचे तांबे रिचवले. एका रात्री जेवताना मात्र तिच्या तोंडून निघालं, "आई, मीठ जरा जास्त होतंय का हल्ली?"

बाईंनी घास खाली ठेवला. सासूबाईंचं ते उठलेलं ताट त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. "यांनी बघितलंय मीठ," त्या म्हणाल्या. "विचार त्यांनाच."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी ताटातली नजर वर केली नाही. "बरोबर आहे की," ते म्हणाले.

मग काय, बाईंना बळ चढलं. सुनेच्या जिभेचे चोचले निघाले, तिच्या माहेरच्या फिक्या स्वयंपाकाचा उद्धार झाला, तिची सरकारी नोकरीही निघाली, तिचा मिठाशी काय संबंध होता देव जाणे. सून रडली नाही, हे बाईंना जास्त लागलं. दोन महिन्यांत मुलानं दवाखान्याजवळ खोली घेतली. "तिला रात्रपाळीला जवळ पडतं," असं सांगितलं. बाई गल्लीभर सांगत सुटल्या, "माझ्या हातचं सोडून गेले. खातील आता पाव आणि चहा."

पण आईचं मन, ते डबा पाठवल्याशिवाय राहतंय होय! दर रविवारी मुलगा यायचा आणि रश्श्याचा डबा घेऊन जायचा. डबा घासून-पुसून, लख्ख रिकामा परत यायचा. बाई तो उजेडात धरून आत पाहायच्या आणि मनाशी म्हणायच्या, बघा, तोंडानं काहीही म्हणू दे, पोटाला कळतं.

अशी दोनेक वर्षं गेली. एका रविवारी मुलगा रस्सा घेऊन गेला आणि भाताचा डबा ओट्यावरच विसरला. बाईंनी चपला घातल्या. आयतंच निमित्त मिळालं होतं.

खोलीचं दार उघडं होतं. सून नळापाशी पाठमोरी उभी होती. मोरीवर चाळणी, चाळणीत बटाटे, आणि नळ सोडलेला. रस्सा मोरीत गेला होता. सून बटाटे असे धुत होती, जसे बाजारातून आणल्यावर धुतात. शेजारी पातेल्यात साधं आधण ठेवलेलं.

"हे काय चाललंय?"

सुनेच्या हातातली चाळणी पडायची राहिली. "आई! बसा ना. अहो, ते... मीठ फार असतं हो. टाकवत नाही, म्हणून धुऊन घेते."

"दर वेळी?"

सुनेनं नळ बंद केला.

"यांनी बघितलेलं असतं मीठ," बाई म्हणाल्या. पण या वेळी आवाजात तो जोर नव्हता.

मुलगा आतून येऊन उभा होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. "आई, बाबांना चव लागत नाही. त्या तापापासून. वासही येत नाही. मला त्यांनीच सांगितलं, आणि तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली."

"कधी सांगितलं?"

"आम्ही इकडे आलो, त्याच्या आदल्या दिवशी."

बाई बसल्या नाहीत. भाताचा डबा खिडकीत ठेवला. त्यांना सुनेशी काहीतरी बोलायचं होतं, तोंड उघडलंही, पण जे म्हणायचं ते दोन वर्षं उशिरा म्हणून काय उपयोग? "भात आळणीच आहे," एवढंच बोलून त्या निघाल्या.

वाटेत त्यांना चव गेल्याचा राग आला नाही. चव काय, कोणाचीही जाईल. हाक थांबेल म्हणून लपवलं असेल, हेही त्या समजू शकत होत्या. त्यांना ते ताटावरचं वाक्य आठवत होतं. जिभेला काहीही कळत नसताना म्हटलेलं, "बरोबर आहे की." त्या एका शब्दावर त्यांनी भरलं घर उठवलं होतं. चुकलं तर माझं चुकलं म्हणणारा माणूस शेजारी बसून भात कालवत होता.

संध्याकाळी पडद्यापलीकडे मशीन चालू होतं. बाईंनी पातेल्यात पाणी घेतलं आणि चुलीवर ठेवलं. बटाटे टोपलीतच होते. मीठ बरणीत होतं. पाणी उकळलं तशी त्यांनी हाक दिली, "मीठ बघा हो!"

मशीन थांबलं. मास्तर आले, चष्मा कपाळावर, तळहात पुढे. बाईंनी पळीच्या टोकानं त्यावर पाणी सोडलं. मास्तरांनी डोळे मिटून चाटलं. टक्.

"नीट बघा," बाई म्हणाल्या. "काही चुकलं असेल तर सांगा. मी काही म्हणणार नाही." त्यांनी वाट पाहिली. अजूनही सांगितलं असतं, तर त्या खरंच काही म्हणणार नव्हत्या.

मास्तरांनी पुन्हा एकदा तळहात चाटला. "छे गं. अगदी बरोबर."

"हात बसला म्हणायचा माझा."

"केव्हाच," मास्तर म्हणाले, तळहात धोतराला पुसला आणि परत मशीनवर जाऊन बसले.