विमानाच्या दारापर्यंत

फोनवर नाव बाबूचं आलं, म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हटलं, "काय रे, अमरावतीले कोणी चहा नाही दिला वाटते तुले?" तो दोन दिवस तिथं माझ्या भाच्याकडं गेला होता. पलीकडून त्या भाच्याचाच, गिरीशचा आवाज आला. "आत्या, मी बोलून राहिलो. काका… काका सकाळी उठलेच नाहीत." आणि मी, पंच्याहत्तरी गाठलेली शहाणी बाई, त्याला म्हणाले, "मग उठव ना त्याले." आता महिना उलटून गेला. ते वाक्य सांगितलं की लोक म्हणतात, धक्काच तसा होता. धक्का वगैरे नंतर. लहानपणापासून त्याला उठवायचं काम माझ्याकडं होतं, त्यामुळं तोंडून तेच आलं.

बाबू म्हणजे विलास, माझा धाकटा भाऊ. माझ्याहून बराच लहान, त्यामुळं भाऊ कमी आणि खेळणं जास्त. आम्ही तेव्हा अमरावतीत राहायचो. मी कॉलेजात होते आणि मला हवाई सुंदरी व्हायचं होतं. विमान मी फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं, पण तयारी जोरात होती. दुपारी आई झोपली की अंगणात दोन बाकडी एकामागे एक मांडायची, पहिल्यावर बाबूला बसवायचं, दुसऱ्यावर शेजारचं मांजर सापडलं तर मांजर. मग मी आईची रेशमी साडी नेसून, ताटात पाण्याचे पेले घेऊन, मान वाकडी करून चालायची. का वाकडी, ते मला आजही सांगता येणार नाही. कॅलेंडरवरच्या बाईची तशी होती. पेले सांडायचे. बाबू भिजायचा आणि गंभीरपणे म्हणायचा, "थँक्यू."

त्या हिवाळ्यात घरचे सगळे एसटीनं जंगलातल्या सेमाडोहला निघालो. परतवाडा सुटलं, घाट सुरू झाला आणि पुढची सगळी वळणं ही भावी हवाई सुंदरी खिडकीबाहेर डोकं काढून ओकत गेली. बाबूनं माझी वेणी धरून ठेवली होती. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "ताई, विमानात पिशव्या ठेवतात म्हणे. तुले खिडकी नाही उघडावी लागणार." माझं वेड तिथंच उतरलं. त्याचं मात्र चढलं ते कायमचं. शिकला, मुंबईला गेला, एका मोठ्या विमान कंपनीत लागला. कोणतं विमान कधी सुटायचं, कुठं उतरायचं, कोणत्या पायलटनं कधी झोपायचं, हे सगळं जुळवायचं त्याचं काम. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "वेळापत्रकात बसत नाही."

निवृत्तीच्या वयात माणसं तीर्थयात्रेला निघतात. हा चार मित्रांसोबत नवी विमान कंपनी काढायला निघाला. तिचं नाव लिहीत नाही, आता तशी पाटी कुठंच नाही. आधी देशातल्या देशात उडले, मग थेट लंडनला जायचं ठरलं. अकोल्याला जठारपेठेतल्या माझ्या घरी, पोळी मोडता मोडता त्यानं मला ते समजावलं. तिथल्या मोठ्या विमानतळावर उतरायची आणि उडायची वेळ ठरवून मिळते. मंगल कार्यालयासारखं, आपण आवरलं नाही तर दुसरं वऱ्हाड दारात उभंच. नव्या कंपनीला ती वेळ मिळते कशीबशी, आणि सारखी चुकत गेली की पुढच्या हंगामात दुसऱ्याला जाते. ती गेली की मार्ग गेला.

"विमानं किती?" मी विचारलं.

"दोन. दोन्ही भाड्याची."

"एक बिघडलं तर?"

"मग एक."

"म्हणजे एका म्हशीवर साऱ्या गल्लीचा रतीब."

"हो," तो म्हणाला, "आणि म्हैस आजारी पडली तर डॉक्टर परदेशातून येते."

तो हसला, पण पोळी तशीच राहिली ताटात. साऱ्या आयुष्याची कमाई त्यानं त्या दोन विमानांत घातली होती, हे मला तेव्हा दिसलं.

विमानं भरली. आई-बाप भरले. पोरं तिकडं, नातवंडं तिकडं, त्यामुळं उन्हाळ्यात आमच्यासारख्यांचीच गर्दी. मीही निघाले लंडनला, लेकीकडं, सुषमाकडं. तिनं माझ्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. मुंबईला पाहते तर विमानाच्या दारापुढं खुर्च्यांची ही लांब रांग, एकीत एक म्हातारी, दुसरीत दुसरी. ढकलणारी माणसं मोजकी. एकीला आत पोचवायचं, परत यायचं, दुसरीला न्यायचं. घड्याळ पुढं चाललेलं, पायलटच्या कामाचे तास सरत चाललेले. बाबू स्वतः तिथं उभा होता, चेहरा पांढरा. मला त्यातलं काही कळलं नव्हतं. मी खुर्चीतून उठले, भराभर चालत बाथरूमला जाऊन आले आणि पुन्हा पदर सावरून खुर्चीत बसले, आजाऱ्यासारखी. तो बघत होता.

"ताई, तुझे पाय तर धड आहेत."

"मग? कालच गच्ची झाडली मी."

"मग काहून बसली व इथं?"

"हरवली तर? पाट्या वाचता येतात रे मले. पण वाचून होईस्तोवर लोक पुढं निघून जातात. खुर्चीत बसलं की कोणी टाकून जात नाही."

 शेजारच्या खुर्चीत अचलपूरकडची एक बाई होती, तिला त्यानं विचारलं, "मावशी, गुडघे दुखतात काय?"

"नाही जी. वावरात दिवसभर उभी राहातो मी. पोरानं सांगतलं, खुर्चीतून उठशीन नोको."

त्या दिवशी आम्ही उशिरा उडालो, तिकडं वेळ हुकली, उतरायला मिळेना म्हणून आभाळात घिरट्या घातल्या. मला ओकारी आली. पिशवी होती.

परतल्यावर कळलं, कंपनीतले लोक म्हणत होते की खुर्च्यांचे पैसे लावा, आपोआप कमी होतील. बाबू नाही म्हणाला. ज्यांना खरंच चालवत नाही त्यांना खुर्ची लगेच, आणि ज्यांना चालता येतं पण भीती वाटते त्यांच्यासोबत आपल्या बोलीचा एक माणूस, पहिल्या दारापासून विमानाच्या दारापर्यंत. असं जगात कुणी करत नाही, असं त्याला सांगितलं गेलं. त्यानं केलं. आधी स्वतःच घेऊन चालला, मग इतरांना शिकवलं. त्याचा एक नियम होता. पुढं चालायचं, पण मागं वळून पाहायचं नाही. वळून पाहिलं की म्हाताऱ्या माणसाला वाटतं आपल्यामुळं खोळंबा झाला, मग ते घाई करतं आणि पडतं. कान मागं ठेवायचा. चपलांचा आवाज मागं पडला की आपणच थांबायचं, जसं काही आपल्यालाच दम लागला.

विमानं वेळेवर सुटू लागली. रोज सकाळी मला त्याचा फोन, "ताई, वेळेवर उडलं." मी म्हणायची, "मग मी काय नाचू?" तो म्हणायचा, "नाच." आणि फोन ठेवायचा.

पुढच्या हिवाळ्यात एका विमानाचं इंजिन बसलं. परदेशातून त्याचा भाग येईना. येतो म्हणायचे, मग म्हणायचे, रांग आहे, मोठ्या कंपन्यांचं आधी. उरलेलं एक विमान दोघांचं काम ओढत राहिलं. हिवाळ्यात जागाही रिकाम्या. मग आज रद्द, उद्या रद्द, आणि ती उतरायची वेळ गेली दुसऱ्याकडं. शेवटचं विमान परत आलं तेव्हा त्यातल्या प्रत्येकाला घेऊन तो बाहेरच्या दारापर्यंत चालत गेला, असं गिरीशनं मला आता, बाबू गेल्यावर सांगितलं. सकाळचा फोन बंद झाला. मीही विचारलं नाही. एक दिवस बॅग घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

"चुकलं काय रे बाबू?" बऱ्याच दिवसांनी मी विचारलं.

"काही नाही चुकलं, ताई. विमानं कमी होती. पाच असती तर तगलो असतो."

"मग पाच काहून नाही घेतली?"

"दोनच भेटली."

त्यानंतर त्यानं विमानाचं नाव काढलं नाही. जठारपेठेत माझ्यासोबत राहिला, भाजी निवडू लागला, वाईट निवडायचा. हृदयाची गोळी घ्यायचा, मी आठवण केली तर. रोज संध्याकाळी आम्ही भाजीला निघायचो. तो पुढं, मी मागं. वळून बघायचा नाही. मला खोडी सुचायची, मी मध्येच चप्पल न वाजवता उभी राहायची. चार पावलांत तोही उभा राहायचा, समोर बघत, एखाद्या दुकानाची पाटी वाचल्यासारखा. "ये व, नौटंकी," म्हणायचा, तसाच पाठमोरा. एकदाही फसला नाही.

सुषमाचा परवा फोन आला. थोडे दिवस इकडं ये म्हणते, तिकीट काढते म्हणते. "आई, खुर्ची सांगू ना?" मी म्हटलं, नको, चालत जाईन. ती म्हणाली, बरं वाटतंय ना तुला. मी म्हटलं, पाय धड आहेत.

काल संध्याकाळी भाजीला गेले. रस्त्यात ओळखीची, बिनओळखीची माणसं माझ्यापुढं चालत होती. मधेच मी थांबले, चप्पल न वाजवता, श्वास धरून… माणसं आपली पुढं चालत गेली.