टेम्प फायलींचा भरवसा

शहापूरला तहसील कचेरीसमोरच्या टायपिंगच्या दुकानात मी पाच वर्षं काढली, आणि त्या दुकानाच्या शेठचा मला आजही संताप येतो. सगळ्या अर्जांना त्याची एकच फाइल. नाव-गाव बदलायचं, छापायचं, पुन्हा तिच्यावरच सेव्ह करायचं. मी वेगळी फाइल केली की ओरडायचा, "कॉम्प्युटर भरून टाकतेस काय?"

म्हणून मी टेम्प फायलींवर विसंबले. दुपारी दोनला लाइट जायची म्हणजे जायचीच, आणि कंजूष शेठने इन्व्हर्टर काही घेतला नाही. काम उघडं असतानाच कॉम्प्युटर बंद पडे आणि प्रोग्रामने स्वतःपुरत्या काढलेल्या तात्पुरत्या फायली डिस्कवर तशाच राहत. त्यांतून मी कितीदा तरी पुसलेला मजकूर परत मिळवला होता. मला वाटायचं, मशीन आपणहून प्रत ठेवतं. मोठी शहाणी मी!

वनजमिनीचे दावे भरण्याचे दिवस होते. डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा म्हातारा सुनेला घेऊन आला. जवळ कागद एकही नाही, त्याची तोंडी हकीकत हाच पुरावा. बापाने जागा कशी साफ केली, हद्दीवर कुठली झाडं, ओहोळ कुठून वळतो, असं तो दोन तास सांगत होता आणि मी बटणं बडवत होते. चार पानं झाली. प्रिंटरची शाई संपलेली, म्हणून अंगठ्यासाठी उद्या बोलावलं.

तो जातो न जातो तोच शेठने त्याच फायलीत दुसऱ्याचा अर्ज ठोकला. मी निर्धास्त होते, दोनला लाइट जाणारच होती. पण त्या दिवशी तालुक्यात मंत्री यायचा होता. लाइट गेलीच नाही. संध्याकाळी शेठने सगळं रीतसर बंद केलं आणि प्रोग्रामने आपल्या टेम्प फायली आपणच पुसल्या. सकाळी शोधलं तर काहीच नव्हतं.

"बाबा, मशीन बिघडलं, परत सांगा," शेठ निर्लज्जपणे म्हणाला.

"मशीन बिघडू दे," म्हातारा माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ही पोर व्हती ना समोर? तिनं ऐकलं ना? तीच सांगंल."

सून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला हद्दीवरचं एकही झाड आठवेना.

म्हातारा उठला. "चल गो. यांनी आपलं ऐकलंच नाय."

त्या पाड्याच्या दावेदारांची यादी नंतर मीच टाइप केली. त्याचं नाव तीत नव्हतं.